मोरपंखी माणूस आणि सतरा डबे

लग्न ठरवण्याआधी मुलामुलीने एकदा बाहेर भेटावं, असं दोन्ही घरच्या मोठ्यांनी ठरवलं. मला वाटलं, हा मला एखाद्या बऱ्याशा हॉटेलात नेईल, स्वतःच्या नोकरीबद्दल सांगेल, माझ्या नोकरीबद्दल विचारेल आणि मग आम्ही दोघंही वाचनाच्या आवडीबद्दल थोडं खोटं बोलू. मी मुलुंडहून दोन बस बदलून कांदिवलीला पोचले. तो मॉलच्या दारात पॉपकॉर्नचा मोठा डबा कवटाळून उभा होता.

"तिकिटं काढलीयेत," तो म्हणाला. "चल ना लवकर, सुरुवात चुकली तर पुढचं काहीच कळणार नाही."

ओळख होऊन दीड मिनिट झालं होतं आणि मी 'तू' झाले होते.

सिनेमा सुपरहिरोचा होता. त्याचा पोशाख मोरपंखी रंगाचा, चेहऱ्यावर त्याच रंगाचा मुखवटा. त्याची शक्ती अशी की, शहरात कुठेही काही कोसळणार असलं की त्याला दोन क्षण आधी कळायचं. मग तो पोचायचा आणि झेलायचा. माणूस, गाडी, पाण्याची टाकी, काहीही. झेलताना न चुकता एक जोक मारायचा. जोक फालतू असायचा, पण माझ्या शेजारी बसलेला विमा कंपनीतला एकतीस वर्षांचा माणूस प्रत्येक जोकला टाळ्या वाजवत होता. शेवटी शेवटी एक भलीमोठी क्रेन पडद्यावरून आमच्याकडे पडायला लागली, तेव्हा त्याने झटकन माझ्यासमोर हात आडवा धरला. जशी काही ती क्रेन कांदिवलीतच पडणार होती.

सिनेमा संपल्यावर त्याने मला सँडविच खाऊ घातलं आणि पाऊण तास सिनेमा समजावून सांगितला. मी शेजारीच बसून पाहिलेला सिनेमा. त्या हिरोला लहानपणापासून मोठ्या बहिणीने वाढवलंय, तिला त्याचं गुपित माहीत आहे, पण ती माहीत नसल्यासारखं दाखवते, वगैरे.

घरी गेल्यावर आईने विचारलं, "कसा वाटला मुलगा?"

"वय एकतीस," मी म्हटलं. "इयत्ता सातवी."

"नोकरी पक्की आहे ना?"

"आहे."

"मग सातवीचं पुढे बघू," आई म्हणाली.

होकार मी त्या आडव्या हातासाठी दिला, हे त्याला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर तो आणखी चढला असता.

सासर चारकोपचं. सेक्टरमधलं छोटं घर, वर एक मजला चढवलेला, आणि खाली रस्त्याच्या बाजूला सासऱ्यांची पिठाची गिरणी. सासरे मूळचे मालवणकडचे. तरुणपणी परळच्या कापडाच्या गिरणीत होते. ती बंद पडली तेव्हा त्यांनी चारकोपला येऊन ही गिरणी टाकली. "एका गिरणीन सोडल्यान, दुसरेन धरल्यान," असं ते स्वतःच म्हणायचे आणि मोठ्याने हसायचे. मागांच्या खडखडाटात उमेदीची वर्षं गेल्यामुळे त्यांचा एक कान गेला होता, त्यामुळे ते सगळंच मोठ्याने करायचे. भुवया कायम पांढऱ्या. त्या वयामुळे की पिठामुळे, हे मला कधी कळलं नाही.

माझ्या नवऱ्याने मात्र गिरणीपासून लांब राहायची कला साधली होती. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तो अंधेरीला ऑफिसला जायचा. दारातून बाहेर पडताना गिरणीसमोरून अंग चोरून, कडेकडेने जायचा, पीठ लागू नये म्हणून. शहरावर पूल कोसळत असताना धावून जाणारा माणूस ज्याचा आदर्श, तो गव्हाच्या पिठाला घाबरत होता. मी हे त्याला म्हटलं. तो म्हणाला, "नेव्ही ब्ल्यू शर्ट आहे यार."

दुसरा सिनेमा आमच्या लग्नानंतर तीन वर्षांनी आला. तिकिटं लवकर काढल्याच्या आनंदात त्याने आईबाबांनाही घेतलं. सासूबाई नऊवारीची घडी मोडून, डब्यात काकडीचे काप घेऊन आल्या. सासऱ्यांना आम्ही चांगल्या कानाच्या बाजूने माझ्या शेजारी बसवलं.

सिनेमात पहिला अर्धा तास हिरो नुसता चकाट्या पिटत होता. चोर पकडायचा, लोकांबरोबर फोटो काढायचा, जोक मारायचा. सासरे अख्ख्या थिएटरला ऐकू जाईल असं म्हणाले, "आधी काम कर रे, मगे बोल!" मागून कोणीतरी हसलं. माझा नवरा खुर्चीत खाली सरकला.

मग ते झालं. एका इमारतीला आग लागते, त्याची बहीण आत असते. त्याला दोन क्षण आधी कळतं, पण तो वाटेत एका टोळीला धडा शिकवत, टाळ्या घेत थांबलेला असतो. पोचतो, झेलायला हात पुढे करतो, पण उशीर झालेला असतो. थिएटरमध्ये चिडीचूप. नवऱ्याच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसतही नव्हता.

त्या शांततेत सासूबाई म्हणाल्या, "पयली बहिणीकडे जावक व्हया होता तेना."

"आई, शूऽऽ," नवरा म्हणाला.

"शू काय? खरा ता सांगलंय."

घरी येताना रिक्षात नवरा नाक पुसत होता. चारकोपच्या वळणावर सासरे एवढंच म्हणाले, "पोरगो वाईट नाय तो. तेका वाटला, टायम आसा." आणि मग एकदम मुलाकडे वळून, "रविवारी माका हात लावक ये हां. दगड काढूचो आसा."

गिरणीचे दगड काही महिन्यांनी झिजतात. वरचा दगड उचलून बाजूला घ्यायचा आणि छिन्नीने दोन्हींवर पुन्हा खाचा पाडायच्या. त्याला टाकी लावणं म्हणतात. ते एकट्याचं काम नव्हे आणि सासऱ्यांना आता दगड झेपत नव्हता.

"रविवारी नक्की," नवरा म्हणाला.

त्या रविवारी त्याच्या ऑफिसातल्या कोणाचं तरी लग्न होतं. पुढच्या रविवारी त्याची पाठ धरली होती. त्याच्या पुढच्या रविवारी तो खरंच मोकळा होता. दुपारभर बेडवर पडून तो तिसऱ्या सिनेमात काय होईल यावर जगभरच्या लोकांची मतं मोबाइलवर बघत होता. सासरे एकदा जिन्याशी येऊन हाक मारून गेले. तो म्हणाला, "आलोच." मी ऐकलं होतं. मीही काही बोलले नाही, कारण मला वाटलं, टायम आहे.

गुरुवारी सकाळी सासऱ्यांनी गिरणीचं शटर वर केलं, डबे ओळीने लावले, चहा मागवला आणि चहा यायच्या आत स्टुलावर बसल्या बसल्या गेले. मी बोरिवलीच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते, तिथे मला फोन आला. नवरा अंधेरीहून निघाला तो दुपारी पोचला. डॉक्टरांनी नीट सांगितलं की हृदय थांबलं, कोणी काही करू शकलं नसतं, दगडाबिगडाचा काही संबंध नाही. हे मी त्याला नंतर शंभरदा सांगितलं. रक्तदाबाचे आकडे सांगितले, जुने रिपोर्ट काढून दाखवले. तो मान डोलवायचा. पटलं नाही, हे त्याच्या मान डोलवण्यावरूनच कळायचं.

सुतकाच्या दिवसांत घर माणसांनी भरलेलं असायचं. समाचाराला येणारा प्रत्येक जण हात जोडायचा, सासूबाईंपाशी बसायचा, सासऱ्यांच्या आवाजाची आठवण काढायचा आणि जाताना एकदा खालच्या बंद शटरकडे बघायचा. मला आधी वाटलं, हे दुःखाने बघतायत. चौथ्या-पाचव्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांचे डबे आत होते.

सतरा डबे. गुरुवारी सकाळी लोक दळण ठेवून गेले होते. आता मेलेल्या माणसाच्या घरी 'आमचा डबा' असं म्हणायचं कसं?

तेरावं झालं, पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई नवऱ्याला म्हणाल्या, "लोकांचे डबे आसत आपल्याकडे. तेंचा काय करतलंस?"

"परत करतो," तो म्हणाला. "घरोघरी पोचवतो. गिरणी बंदच करायचीय ना आता. कोण चालवणार?"

"परत? गहू परत? पंदरा दिस लोका पिशयेतला पीठ खातहत." पिशवीतलं पीठ म्हणजे माणसाने गाठलेला तळ, असं त्यांचं मत होतं.

"आई, मला नाही येत ते मशीन."

"बरां," त्या म्हणाल्या आणि आत जाऊन भांडी घासायला लागल्या. भांडी जरा जोरात वाजत होती.

तो खाली गेला. थोड्या वेळाने मी त्याला मदत करायला गेले. शटर अर्धवट वर होतं, तो जमिनीवर बसला होता आणि त्याच्या भोवती डबे होते. प्रत्येक डब्यावर सासरे एक चिठ्ठी चिकटवायचे, हे मी रोज बघत होते. मला वाटायचं, त्यावर घर नंबर असतो. घर नंबर होताच. त्याच्या खाली पेन्सिलीने आणखी काहीतरी होतं.

नवऱ्याने एक चिठ्ठी माझ्यापुढे धरली. 'गहू. बारीक. घरात आजोबांना दात नाहीत.'

दुसरी. 'बाजरी. ही शेवटी दळणे. आधी दळली तर गव्हावाले भांडतात.'

तिसरी. 'मागच्या वेळी जाड झाले. बोलली नाही. पण परत जाड देऊ नये.'

एक होती, 'ज्वारी. नवीन लग्न. भाकरी तुटते म्हणते. पीठ ताजे देणे, गरम पाणी घे म्हणून सांगणे.'

आणि राजगिरा-वरईच्या एका लहान डब्यावर, 'उपवास. दगड पुसून. बाई कडक आहेत.'

"बाबांनी हे कधी सांगितलं नाही," तो म्हणाला.

"तू विचारलंस कधी?" मी म्हटलं. तोंडातून गेलं आणि लगेच वाईट वाटलं. पण तो चिडला नाही. त्याने सगळ्या सतरा चिठ्ठ्या वाचल्या, काही दोनदा वाचल्या. मग उठला आणि म्हणाला, "याचं बटण कुठंय?"

ते बटणही सासूबाईंनीच दाखवलं. त्या केव्हाच जिन्यात येऊन उभ्या होत्या.

आता इथे मी असं लिहायला हवं की त्याने धीराने गिरणी सुरू केली आणि सुंदर पीठ पडलं. प्रत्यक्षात काय झालं ते सांगते. पहिल्या डब्याच्या वेळी पीठ ज्या कापडी बाहीतून खाली येतं ती बाही बांधायलाच तो विसरला. दोन किलो पीठ थेट त्याच्या अंगावर आलं. मी पोट धरून हसले. पंधरा दिवसांत त्या घरात पहिल्यांदा कोणी हसलं आणि ती मी होते, सून. घाबरून सासूबाईंकडे बघितलं तर त्या तोंडाला पदर लावून हलत होत्या.

दुसऱ्या डब्यापासून खरी वाट लागली. पीठ जाड आणि चटके बसण्याइतकं गरम पडायला लागलं. त्याने पेच घट्ट केला, सैल केला, काही फरक पडेना. सासूबाईंनी चिमूटभर पीठ बोटांत चोळलं आणि म्हणाल्या, "दगडाक टाकी नाय. चार म्हयने झाले."

तो बटण बंद करून स्टुलावर बसला. पिठाने माखलेला चेहरा, आणि त्यावरून डोळ्यांतलं पाणी खाली आलं की दोन ओघळ दिसायचे. थिएटरमध्ये रडायचा तसा तो रडत नव्हता. तिथे तो मन लावून रडायचा. इथे त्याला रडायचं नव्हतं आणि ते होत होतं.

"मला बोलवत होते गं ते," तो म्हणाला. "तीन रविवार."

मी त्याला शंभरदा जे सांगितलं होतं ते पुन्हा सांगणार होते. सासूबाईंनी मला हाताने थांबवलं. त्या त्याच्याजवळ गेल्या, पदराने त्याचं तोंड पुसलं, तर पीठ आणि पाण्याची कणीक झाली. "होय, बोलयत होते," त्या म्हणाल्या. "तू नाय इलंस. आता इलंस. उठ, दगड उचल."

मला तेव्हा त्या फार कठोर वाटल्या. डॉक्टरांनी सांगितलेलं मी सांगत होते आणि ते खरंही होतं. पण त्याला कोणीतरी 'होय' म्हणायला हवं होतं, हे मला कळायला वेळ लागला.

दगड आम्ही तिघांनी मिळून काढला. माझ्या डाव्या हाताची करंगळी चेमटली, तिचं नख अजून वाकडं वाढतं. टाकी लावायला तो मोबाइलवर बघून शिकला. जो व्हिडिओ सापडला तो तेलुगूत होता. दोन दिवस आमच्या घरात तेलुगू आणि छिन्नीचा आवाज घुमत होता. तिसऱ्या दिवशी सतरा डबे दळून झाले आणि चिठ्ठीवरच्या पत्त्यावर त्याने स्वतः पोचवले. नेव्ही ब्ल्यू शर्टात.

सोळा घरांतून चहा मिळाला. सतराव्या घरच्या कडक बाई, निवृत्त शाळामास्तरीण, दुसऱ्या दिवशी डबा घेऊन परत आल्या. "बाळ," त्या म्हणाल्या, "यात गहू आहे. माझी चतुर्थी मोडलीस तू." त्याने दगड पुसला होता, पण बाही झटकायची राहिली होती. त्याने घरातून राजगिरा भरून दिला, पुन्हा दळला, आणि बाईंनी प्रत्येक पायरी शेजारी उभं राहून तपासली. तेव्हापासून त्या दर चतुर्थीआधी येतात आणि तपासतात. माझ्या मते त्यांना उपासापेक्षा हेच जास्त आवडतं.

गिरणी बंद करायचा विषय पुन्हा कोणी काढला नाही, पण चालवायची असंही कोणी ठरवलं नाही. सकाळी सासूबाई डबे घ्यायच्या. संध्याकाळी तो ऑफिसातून आला की कपडे बदलून दळायला बसायचा. रविवारचा पूर्ण दिवस. त्याचं हसणं कमी झालं. लोक कामाचं विचारायचे, तो कामाचं सांगायचा. चिठ्ठ्या तोही लिहायला लागला होता, पण त्यावर नुसता घर नंबर असायचा.

चारेक महिन्यांनी तिसरा सिनेमा आला, दुसऱ्याबरोबरच काढून ठेवलेला. मी म्हटलं, "जाऊया?" तो म्हणाला, "नको. रविवार आहे." मोबाइलचं मोरपंखी कव्हरही त्याने केव्हातरी काढून टाकलं होतं. लग्नाआधीपासून मी ज्या कव्हराला नावं ठेवली, ते नाहीसं झाल्यावर मला बरं वाटायला हवं होतं.

मंगळवारी माझी सुट्टी होती. दुपारी सासूबाई माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "चल गो. तेचा काय झाला ता बघून येवया."

"कोणाचं?"

"बहीण मेली तेचा."

"आई, अजून वर्ष नाही झालं. लोक काय म्हणतील?"

"लोकांका सांगतलंय, डॉक्टराकडे गेल्लंय म्हणान."

अशा रीतीने वर्षश्राद्ध व्हायचं असताना मी आणि माझ्या विधवा सासूबाई खोटं बोलून दुपारच्या शोला सुपरहिरोचा सिनेमा बघायला गेलो. थिएटरमध्ये आमच्याशिवाय कॉलेजची दहाबारा मुलं होती.

त्या सिनेमात हिरो पाऊण वेळ मुखवटा घालतच नाही. दुसऱ्या गावी जाऊन लिफ्ट दुरुस्त करायचं काम करतो. कोसळणाऱ्या गोष्टी त्याला अजूनही आधी कळतात, तेव्हा तो कानांवर हात दाबून बसतो. शहरातून एकेक जण त्याला शोधत येतो. पोलीस अधिकारी येतो, मित्र येतो, पत्रकार येते. सगळ्यांचा प्रश्न एकच, परत कधी येतोस? कॉलेजची मुलं कंटाळली, मारामारीच नव्हती. सासूबाई मात्र पुढे वाकून बघत होत्या.

"बघ गो," त्या माझ्या कानात म्हणाल्या, "सगळे इचारतत, परत कधी येतलंस. जेवलंस काय म्हणान एक तरी इचारता?"

खरंच कोणी विचारत नव्हतं. मी मनात मोजायला लागले, गेल्या चार महिन्यांत मी नवऱ्याला काय काय विचारलं. दळण झालं का. बिल भरलंस का. वर कधी येतोयस. मी पॉपकॉर्न खायची थांबले.

संध्याकाळी तो ऑफिसातून आला आणि गिरणीत बसला. सासूबाई चहा घेऊन खाली गेल्या, मागोमाग मी.

"जेवलंस काय रे दुपारी?" त्यांनी विचारलं.

त्याने दचकून वर बघितलं. "हो. का?"

"काय नाय. तुझो तो मेलो नाय हां. लिफ्टी दुरुस्त करता. पगार बरो आसतलो."

तो आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिला. मी छताकडे बघितलं.

"तुम्ही दोघी... मला सोडून?"

"तू नको म्हणालास," मी म्हटलं.

"अगं पण... मुखवटा घालतो का शेवटी?"

"ता सांगूचा नाय," सासूबाई म्हणाल्या. "टिकीट काढ आणि बघ."

आणि तो हसला. हसता हसता हुंदका आला, मग पुन्हा हसला. दळायला आलेली एक बाई डबा घेऊन दारात उभी होती ती अवघडून म्हणाली, "मी नंतर येऊ का?" "नको नको, द्या," तो म्हणाला, डोळे पुसत. "जाड की बारीक?" आणि ती सांगत होती ते त्याने पेन्सिलीने चिठ्ठीवर लिहून घेतलं. दोन ओळी.

सिनेमा तो शनिवारी एकटाच जाऊन बघून आला. त्यावर काही बोलला नाही. पण बोलायला लागला. बाबांबद्दल. ते दगडाशी शिव्या देत बोलायचे, हे त्याने मला पहिल्यांदा सांगितलं. एका रविवारी मी खाली गेले तर तोही दगडाशी बोलत होता. शिव्या मात्र सातवीतल्याच होत्या.

चौथा सिनेमा गेल्या वर्षी आला. आता नवऱ्याच्या कानशिलावर पांढरं दिसतं आणि ते पिठाचं नाही, हे मी धुऊन खात्री केली आहे. आम्ही तिघं गेलो. हिरो परतला होता. त्याचेही केस पिकले होते. पूल कोसळायच्या आधी तो आता थेट उडी मारत नव्हता. आधी लोकांना बाजूला घेत होता, कोणाच्या घरी कोण आहे विचारत होता. एका मुलीची भीती जाईपर्यंत पुलाखाली तिच्याशेजारी नुसता बसून राहिला. एकही जोक नाही. शेवटी सगळे त्याच्यापुढे हात जोडून उभे राहतात आणि तो गंभीर चेहऱ्याने सूर्याकडे बघतो.

मी डोळे पुसत नवऱ्याकडे बघितलं. मला वाटलं, हा तर पूर्ण विरघळला असेल. तो हाताची घडी घालून बसला होता.

"नाही जमलं," बाहेर आल्यावर तो म्हणाला.

"काय नाही जमलं? केवढा समजूतदार दाखवलाय."

"तेच ना. असं कोण असतं यार? बहीण गेली, मान्य. शहाणा झाला, मान्य. पण इतका वेळ त्या पुलाखाली बसायचं आणि एकदाही तोंडातून फालतू काही निघणार नाही? लिहिणाऱ्याच्या घरी कोणी गेलेलं नसणार."

"मोठो झालो म्हणान हसाचा नाय काय?" सासूबाईंनी लगेच त्याची बाजू घेतली. मला त्या दोघांविरुद्ध एकटीने हिरोची बाजू घ्यावी लागली. कांदिवलीपासून चारकोपपर्यंत रिक्षात मी त्या मोरपंखी माणसाचं वकीलपत्र घेतलं होतं आणि माझं मलाच आश्चर्य वाटत होतं. रिक्षावाल्याने शेवटी विचारलं, "मॅडम, आपके घर में किसका झगडा हुआ है?"

घरी पोचलो तर शटरसमोर एक मुलगी पिशवी घेऊन उभी होती. सेक्टरमध्ये नुकतीच राहायला आलेली, लग्नाला महिनाही झाला नसेल. गावाहून आलेले गहू होते. नवऱ्याने मूठभर हातात घेतले, पसरून बघितले आणि म्हणाला, "ताई, हे निवडलेले नाहीत. निवडून आणा, मग दळतो."

तिचा चेहरा उतरला. "निवडून म्हणजे?"

"गिऱ्हाइकाक परत धाडतंस?" सासूबाई रिक्षातून उतरता उतरता ओरडल्या. "बापाशीन तुझ्या कधी धाडल्यान नाय."

"बाबा रोज धाडायचे, आई."

"धाडी होते. पण गोड बोलान."

हे धादांत खोटं होतं. सासरे परत पाठवायचे तेव्हा गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं. पण नवरा वाद घालत बसला नाही. त्याने आतून दोन पेपर आणून ओट्यावर पसरले, पिशवी त्यावर ओतली आणि मांडी घालून बसला. "बसा ताई," तो म्हणाला, "दाखवतो. हा काळा दिसतो तो खडा. हा पण काळा दिसतो, पण तो गहू आहे. ओळखता येईपर्यंत दोन-तीन दात जातात, मग जमतं."

मुलगी हसावं की नाही या विचारात पडली. सासूबाई तिच्या शेजारी टेकल्या आणि तिचं गाव कुठलं, जेवण झालं का, नवरा बरा वागतो का, हे एका दमात विचारून मोकळ्या झाल्या.

"तू काय उभी?" नवरा मला म्हणाला. "बस ना. आणि सांग, तो शेवटी सूर्याकडे का बघत होता?"

मी पेपरचा एक कोपरा माझ्याकडे ओढून घेतला. खडे फारच होते.